टेबलावरची येळवस

मार्गशीर्ष सरत आला की माझं डोकं फिरायला लागतं. घरात कुणी काही बोललेलं नसतं, कुणाचं काही चुकलेलं नसतं, तरी मी भांडी आदळते, दूधवाल्याशी हुज्जत घालते आणि चहात साखर कमी पडली एवढ्यावरून मुलाला त्याच्या लहानपणापासूनचे सगळे अपराध ऐकवते. सून बिचारी हळूच विचारते, "आई, तब्येत बरी नाही का?" तब्येत ठणठणीत आहे. येळवस जवळ आली आहे, एवढंच.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. पुण्यात हे मला दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. आमच्या धाराशिवकडे, त्यातही जळकोटच्या पलीकडे, जिथं निम्मं गाव मराठीत भांडतं आणि कानडीत समेट करतं, तिथं हा सण दिवाळीपेक्षा मोठा. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही. सगळी माणसं शेतात. ज्वारी डोक्याला लागलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, बांधावरच्या बोरी लाल झालेल्या. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांच्यासमोर आधी नैवेद्य आणि मग माणसांची पंगत. भज्जी म्हटलं की पुण्याच्या माणसांना कढईतली भजी आठवतात. आमची भज्जी म्हणजे तुरीचे ओले दाणे, पावटा, मेथी, गाजर, बोरं, हाताला येईल ते सगळं ताकात आणि बेसनात शिजवलेलं दाट कालवण. त्याबरोबर बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि रंगवलेल्या बिंदग्यातली थंडगार आंबील. बिंदगं म्हणजे पाण्याच्या घागरीएवढं मातीचं मडकं. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा त्या दिवशी हाताला धरून कोपीत आणून बसवायचा. येळवशीला शिवारात आलेल्याला उपाशी धाडायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा, आणि तो निजामाच्या कायद्याहून जुना होता.

गेल्या वर्षी सुनेनं हौसेनं एक बेत केला. कुठल्याशा प्रदर्शनातून तिनं हातानं रंगवलेली मातीची भांडी आणली. लाल रंगावर पांढरी कणसं, बैल, पोपट, ठिपके. जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड घातलं, त्यावर ती भांडी मांडली, मध्ये ज्वारीची दोन कणसं ठेवली आणि मैत्रिणींना जेवायला बोलावलं. मला हाताला धरून बाहेर आणलं. "आई, बघा, तुमच्या गावाकडची येळवस!" मी टेबलाकडे पाहिलं. छान आहे म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या पोरीचं काय चुकलं होतं? काही नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. पण टेबलावर मांडलेली रंगीत मातीची भांडी मला बघवत नाहीत, आणि ते का, हे साठ वर्षांत मी कुणाला धड सांगितलेलं नाही. माझ्या भावाला सोडून.

अव्वा, म्हणजे माझी आई, फार बोलायची नाही. तिची बोटं बोलायची, असं मी लिहिलं तर ती वरून मला चापट मारील, कारण असली वाक्यं तिला आवडायची नाहीत. ती सरळ काम करायची. येळवशीच्या आधी कुंभारवाड्यातून बिंदगं, गाडगी आणि परळ यायचे. परळ म्हणजे मातीची पसरट थाळी. अव्वा काव, म्हणजे गेरूची लाल माती, भिजवायची, चुना भिजवायची, दिव्यावर काजळी धरायची. जोंधळ्याचं चिपाड दातानं चावून त्याचा कुंचला करायची. आधी सगळ्या भांड्याला बाहेरून कावेचा हात, मग तो सुकला की चुन्याची कणसं, वेली, चौकटी. बिंदग्याच्या गळ्याला ठिपक्यांची माळ. कुंचला एकदा टेकला की ती उचलायची नाही, आणि मी मध्येच काही विचारलं तर उत्तर द्यायची नाही.

आमच्या घरात एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही. परळाच्या काठावर प्रत्येकाची खूण असायची. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान होतं, म्हणून त्यांच्या परळावर तागडी. माझ्या परळावर पोपट, कारण मी बडबडी. आणि माझ्या थोरल्या भावाच्या, बसवंत अण्णाच्या परळावर बैल, एक शिंग वाकडं असलेला. आमचा एक बैल तसाच होता आणि अण्णाचा त्याच्यावर भारी जीव. कुणी परगावी असेल, आजारी असेल, तरी त्याचा परळ रंगवायचा, मांडायचा आणि त्याच्या वाट्याचं वाढायचं. तो वाटा संध्याकाळी बैलांना घालायचा. पण मांडायचा मात्र सगळ्यांच्या ओळीत. घरातलं माणूस ओळीतून कमी करायचं नाही, असं अव्वा म्हणायची.

मी सांगते ती येळवस निजामाच्या शेवटच्या दिवसांतली. मी पंधरा वर्षांची, लग्न ठरलेली. आजूबाजूला सगळं पेटलेलं होतं. सांजच्याला दार लावून घ्यायचं, अनोळखी घोड्याच्या टापा ऐकल्या की चूल विझवायची. अण्णा अठरा-एकोणीसचा. तो गावातल्या चार पोरांबरोबर सरकारी शिंदीची झाडं तोडायला गेला. शिंदीच्या दारूवर सरकारचा महसूल चालायचा, म्हणून पोरं झाडंच आडवी करायची. बाकीची पळाली, बार्शीकडे, हद्दीपलीकडच्या स्वतंत्र मुलखात गेली. अण्णा सापडला. त्याला धाराशिवच्या तुरुंगात नेलं एवढंच आम्हाला कळलं. अप्पा दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा दारावरूनच परत. अव्वा भाकरी थापताना एक जास्त थापायची.

आणि मग येळवशीच्या आठ-दहा दिवस आधी गावचे पाटील आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"अप्पा, नशीब उघडलं तुमचं," ते म्हणाले. "साहेब दौऱ्यावर येत्यात, अन् त्यांला येळवस बघायची हाय. म्या तुमचंच रान सांगितलं."

"आमचंच का?" अप्पांनी विचारलं.

"पोरगं कुणाचं आत हाय? माझं का तुमचं? खाऊ घाला, हात जोडा. साहेबाच्या एका शब्दाचं काम हाय."

अव्वा दाराआडून ऐकत होती. ती म्हणाली, "येऊ द्या. येळवशीला कुणाला न्हाय म्हणत न्हाईत. पर कोपीत बसून जेवावं लागंल."

पाटील हसले. "वयनी, साहेब खाली बसत न्हाईत. टेबल म्या धाडतो. अन् तांबं-पितळ काढू नका. तुमची ती रंगीत गाडगी असत्यात ना, तीच मांडा. साहेबांला असलं लई आवडतं."

कोणत्या हुद्द्याचे साहेब, ते मला आजही नीट माहीत नाही. त्या वयात आम्हाला सगळे साहेबच. हैदराबादचे होते, उर्दू बोलायचे. पुढं कळलं की ते आमच्याइतकेच हिंदू होते. हे मुद्दाम सांगते, कारण आता त्या दिवसांच्या गोष्टी सांगताना लोक फार सोप्या करतात, आणि मला त्याचाही राग येतो.

पाटील गेल्यावर अप्पा अव्वाकडे बघायला तयार नव्हते. अव्वा मला म्हणाली, "गौरा, काव भिजत घाल." त्या वर्षी तिनं जे रंगवलं तसं आधी कधी रंगवलं नव्हतं आणि नंतरही नाही. बिंदग्याच्या पोटावर अख्खं शेत काढलं. मोट, विहीर, पाखरं, कोप, कोपीत पाच ठिपके. तो माणूस खूश व्हावा म्हणून. आपल्या पोराला कोंडणाऱ्या सरकारच्या माणसाला गोड वाटावं म्हणून एक बाई दिवस दिवस पाठ वाकवून मडक्यावर पाखरं काढत होती, आणि मी तिला चुना ढवळून देत होते. प्रदर्शनांतून अशा भांड्यांना हात लावून "किती सुंदर, किती निरागस" म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. निरागस कसलं डोंबलाचं!

येळवशीच्या सकाळी चावडीतलं टेबल बैलगाडीतून आमच्या रानात आलं. खुर्च्या तीन. एक साहेबांची, एक पाटलांची आणि एक साहेबांबरोबर कुणी आलं तर. काळ्या रानात टेबलाचा एक पाय खचायला लागला. पाटलांच्या गड्यानं इकडंतिकडं बघितलं, बांधावर वाळत ठेवलेला पांढरा दगड उचलला आणि पायाखाली सारला. अव्वा कोपीतून ओरडली, "आरं, पांडव हाय त्यो!" गड्यानं जीभ चावली. टेबल पुन्हा कलंडलं. अव्वानं दगड धुतला, पुन्हा चुन्याचा हात दिला आणि नेऊन कोपीत बसवला.   

मग गाडग्यांची पंचाईत. आमची मडकी गोल बुडाची, ती मातीत, कडब्यावर नीट बसतात. टेबलावर ठेवली तशी लोळायला लागली. पाटलांना घाम फुटला. ते मला म्हणाले, "ए पोरी, काहीतरी कर की." जुन्या लुगड्याच्या चुंबळी वळून मी एकेका मडक्याखाली दिल्या. टेबलावर पाटलीणबाईंची धुवट पांढरी चादर अंथरली होती. आमच्या भांड्यांच्या बुडाला अव्वा डिंक न घालताच काव लावायची, मातीला मातीचा रंग लागला तर कुणाचं काय बिघडतं? पण चादरीला लागायला लागला. आंबिलीचा गारवा पाझरला तशी बिंदग्याखाली लाल वर्तुळं उमटली. पाटील ती उपरण्यानं पुसत राहिले आणि ती जास्तच पसरली. मला हसू आलं. तेवढंच त्या दिवसाचं हसू.

टेबल मांडायला अव्वा स्वतः आली. डोक्यावरचा पदर घट्ट करून तिनं मध्ये बिंदगं ठेवलं, बाजूला भज्जीचं गाडगं, उंड्यांची परडी, खिरीचं गाडगं. साहेबांसमोर परळ, पाटलांसमोर परळ. मग ती कोपीत गेली आणि अण्णाचा, वाकड्या शिंगाच्या बैलाचा परळ घेऊन आली. तिसऱ्या खुर्चीसमोर तिनं तो ठेवला. परळ सरळ केला, बैल खुर्चीकडे तोंड करून राहील असा.

"अवं, हे काय?" अप्पा कुजबुजले. "पोराचं काम बिघडंल."

"येळवस हाय," अव्वा म्हणाली. "ओळीतनं कमी न्हाय करायचं."

"इथं कुठं ओळ हाय?"

"जिथं आपलं अन्न मांडलं तिथं ओळ."

 पाटलांना वाटलं, तिसरं ताट साहेबांच्या माणसासाठी.

साहेब आले ते घोड्यावरून. मागं चालत त्यांचा चपराशी, करीम नावाचा, पांढऱ्या दाढीचा, धुळीनं माखलेला. साहेब चांगले दिसायचे. बोलायला गोड. वाईट माणसं वाईट दिसतात असं मला तोवर वाटायचं. त्यांनी कोप बघितली, पांडवांना हात जोडले, ज्वारीची कणसं कुरवाळली. मग खुर्चीवर बसले. बिंदग्यावर वाकून त्यांनी ती पाखरं, ती मोट नीट बघितली. "वाह," ते म्हणाले, "क्या हाथ है." बघता बघता त्यांच्या बाहीला काव लागली. पाटील धावले, त्यांनी साहेबांची बाही स्वतःच्या धोतरानं पुसली. आमच्या गावचा पाटील! ज्याच्या समोर आमचे लोक चपला हातात घेऊन जायचे.

अव्वानं वाढायला घेतलं. साहेबांना वाढलं, पाटलांना वाढलं, आणि तिसऱ्या परळात वाढलं. भज्जी, दोन उंडे, खीर, कडेला मीठ, सगळं. आंबिलीचं गाडगं शेजारी ठेवलं. साहेबांनी हात लावायच्या आधी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"ये किसका है, अम्मा?"

अव्वाला उर्दू येत नव्हती. बाजारातली दोन शब्दांची दखनी यायची. ती म्हणाली, "मेरे बसूका."

"वो किधर है?"

"तुमारेच पास."

रानात वारा होता, कडबा वाजत होता. अप्पांनी जोडलेले हात छातीशीच राहिले. पाटलांचा चेहरा चादरीसारखा झाला. साहेब अव्वाकडे बघत राहिले. अव्वानंही मान खाली घातली नाही. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, ओरडेल. किंवा त्याला लाज वाटेल. मी पंधरा वर्षांची होते, दोन्हींतलं एक काहीतरी होईलच असं मला वाटलं.

साहेब हसले. मागं वळून म्हणाले, "करीम, खाना ठंडा क्यों करना? बैठ, खा ले."

करीम जागचा हलला नाही.

"खा ले बोला ना."

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तो परळ उचलला. खुर्चीवर बसला नाही. कोपीच्या तोंडाशी जमिनीवर मांडी घालून बसला आणि परळ मांडीपुढे ठेवला. पहाटेपासून चालत होता, पोटात काही नव्हतं, हे मलाही दिसत होतं. त्यानं अव्वाकडे बघितलं. अव्वा टेबल सोडून त्याच्याकडे गेली, त्याच्यापुढे वाकली आणि म्हणाली, "जेवा, चाचा." त्याला तिनं अजून एक उंडा वाढला. पोराच्या वाट्याचं संपत होतं आणि ती वाढत होती. साहेब इकडे मिटक्या मारत जेवत होते. भज्जी दोनदा मागितली. आंबील प्यायले. अण्णाचा विषय अप्पांनी काढला तेव्हा साहेबांनी मान हलवली. "देखेंगे, देखेंगे."

जाताना पाटलांनी ते बिंदगं साहेबांच्या सामानात घालायला सांगितलं. येळवशीचं बिंदगं बाईनं डोक्यावर घेऊन शेतात न्यायचं आणि डोक्यावरच घरी आणायचं असतं.  साहेब घोड्यावर बसत होते, तेव्हा करीमचाचा हात धुवायच्या निमित्तानं आडबाजूला आला. पाणी मी घालत होते. तो खाली बघतच अव्वाला म्हणाला, "बहन, तेरा छोकरा धाराशिव में नहीं है. महिना हुआ, गुलबर्गे भेज दिए. साहब के हाथ में कुछ नहीं. जिंदा है, इतना मालूम." आणि ओले हात दाढीला पुसून तो घोड्यामागं चालायला लागला.

म्हणजे हा माणूस टेबलावर बसला, पाखरं बघितली, भज्जी दोनदा घेतली, 'देखेंगे' म्हणाला, आणि त्या सगळ्या वेळात त्याला माहीत होतं की त्याच्या हातात काही नाही. आणि पाटलांना? अप्पांनी त्याच संध्याकाळी चावडीत जाऊन विचारलं. घरी येऊन त्यांनी अव्वाला पाटलांचं उत्तर सांगितलं, तेही खाली बघत. पाटील म्हणाले होते, "आधी सांगितलं असतं तर तुमी जेवण केलं असतं का?"

या एका वाक्यावर मी आयुष्यभर चिडत आले आहे. मरणाच्या दारात आठवलं तरी मी उठून बसेन. पाटलांनी खोटंही बोलायची तसदी घेतली नाही. आमच्या रीतीचा, आमच्या पोराचा, अव्वाच्या हातांचा, सगळ्याचा हिशेब त्यांनी आधीच करून ठेवला होता, आणि त्या हिशेबात आम्ही मूर्ख नव्हतो, नुसते उपयोगी होतो. पुढच्या वर्षी फौजा आल्या, निजाम गेला, तेव्हा गावाच्या वेशीवर कमान उभारायला सगळ्यात पुढे हेच पाटील होते. डोक्यावर पांढरी टोपी, कडक इस्त्रीची. लोकांनी त्यांनाही हार घातला. मी तो हार बघितला आणि घरी येऊन ताकाची रवी भिंतीवर फेकून मारली.

अण्णा त्याच कमानीखालून घरी आला. हाडं आणि डोळे एवढाच उरला होता. अव्वानं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि चुलीकडे गेली, भाकरी टाकायला. मार्गशीर्ष आला. अव्वानं पुन्हा काव भिजवली, पुन्हा बैल काढला, वाकड्या शिंगाचा. यंदा ओळीत माणूस होतं. आम्ही सगळे कोपीत बसलो, परळ मांडले, आणि पाटील बांधावरून चांगभलं करत आले. येळवशीला कुणाला न्हाय म्हणत नाहीत. ते बसले. आणि हसत हसत अण्णाला म्हणाले, "तुझ्या आईच्या हातचं काय सांगू बसवंता? गेल्या साली साहेबांनी आंबील वरपली, बिंदगंसुद्धा घेऊन गेले."

अण्णाचा हात थांबला. "कुठला साहेब?"

सगळे आपापल्या परळात बघायला लागले. अण्णाला उत्तर कळलं. तो अव्वाकडे बघून म्हणाला, "मी तिथं कोंड्याची भाकर खात हुतो, अन् तू हितं त्यांला खीर वाढत हुतीस?" परळ बाजूला सारून तो उठला. "ज्याला वाढलंस त्यालाच बोलाव." आणि शेतातून निघून गेला. पाटील जेवले. पोटभर.

मी अण्णामागं धावले. अव्वानं माझा दंड पकडला, इतका घट्ट की वळ उठले. ती म्हणाली, "त्याला सांगू नको."

"का? त्याला कळू दे की तू काय केलंस! त्याचं ताट मांडलंस, त्या साहेबाला तोंडावर बोललीस."

"अन् ते ताट कुणी खाल्लं, ते बी सांगशील? त्याचा वाटा साहेबानं चपराशाला घातला, ते? तुरुंगातनं आलाय त्यो. आणिक नको." मग माझा हात सोडत म्हणाली, "जिता आलाय. रागावू दे."

रागावू दे! मला आजही तिचं हे वाक्य पटलेलं नाही. अण्णा एक दिवस रागावला असता तर चाललं असतं. तो पंचवीस वर्षं रागावला. इतर दिवशी अव्वाच्या हातचं खायचा, तिचं दुखणंखुपणं बघायचा, तिला तुळजापूरला न्यायचा. पण येळवशीला शेतात पाऊल टाकायचा नाही. गावात एकटा बसून राहायचा, आणि सगळं गाव म्हणायचं, बघा, तत्त्वाचा माणूस. त्याला मानपत्रं मिळाली, पेन्शन मिळाली. शाळेत पंधरा ऑगस्टला त्याला खुर्चीवर बसवायचे आणि तो मुलांना सांगायचा की शत्रूला पाणीसुद्धा पाजू नये. मुलं टाळ्या वाजवायची. अव्वा दर वर्षी त्याच्या वाट्याचं वाढायची आणि संध्याकाळी ते बैलांना घालायची. मी सासरहून येळवशीला आले की तिच्या शेजारी बसून हे बघायचे, आणि दर वेळी ओठापर्यंत आलेलं गिळायचे. तिनं मला शपथ घातली नव्हती. त्या दंडावरच्या वळांचीच मला शपथ होती.

शौर्य म्हणजे काय, हे आपल्याकडे फार लवकर ठरवून टाकतात. झाड तोडलं ते शौर्य. तुरुंगात गेला ते शौर्य, आणि ते होतंच, मी नाही म्हणत नाही. अण्णानं हालअपेष्टा सोसल्या. पण ज्या माणसाच्या एका शब्दावर आपलं पोर जगेल की मरेल असं वाटतंय, त्याच्यासमोर त्या पोराचं ताट मांडायचं आणि तो तुझ्यापाशी आहे म्हणून सांगायचं, याला कुणी मानपत्र दिलं नाही. देणारे कोण होते तिथं? अप्पा, आणि त्यांना आयुष्यभर स्वतःचे जोडलेले हातच आठवत राहिले. पाटील, आणि त्यांना फक्त आंबील आठवत होती. आणि मी, जिला बोलायची बंदी.

बहात्तरचा मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात अव्वा गेली. त्या मार्गशीर्षात मी मुद्दाम माहेरी आले. बिंदगं मीच रंगवलं, अव्वासारखा हात नाही माझा, कणसं जाडजूड होतात. शेतात पांडव बसवले, नैवेद्य झाला, आणि आम्ही वाढायला घेणार तेवढ्यात ज्वारीच्या ताटांतून अण्णा आला. डोक्याचे केस पांढरे झालेले. कुणाशी न बोलता कोपीत बसला. मांडी घातली. म्हणाला, "अव्वा गेली. आता आपुन येळवस सोडायची न्हाय. वाढ, गौरा."

आता! ती जिवंत होती तोवर पंचवीस वर्षं त्यानं सोडली आणि आता त्याला येळवस हवी होती. सगळ्यांचे डोळे पाणावले. भावजय पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी रडले नाही. मी त्याच्यासमोर परळ ठेवला, भज्जी वाढली, उंडे वाढले, खीर वाढली आणि त्यानं पहिला घास तोंडात घातल्यावर सांगायला सुरुवात केली. टेबलापासून. पायाखाली घातलेला दगड, पांढरी चादर, पाटलांनी पुसलेली बाही. तिसरी खुर्ची. अव्वा काय म्हणाली, साहेब काय म्हणाला. करीमचाचा कुठं बसला आणि त्याला कुणी वाढलं. गुलबर्गा. चावडीतलं पाटलांचं उत्तर. मी काहीच गाळलं नाही, आणि आवाजही चढवला नाही.

अण्णाचा हात परळातच राहिला. तो म्हणाला, "हे तू मला आधी का सांगितलं न्हाईस?"

"तिनं सांगू दिलं न्हाय."

"मग आता कशाला सांगतीस? आता म्या काय करू?"

"जेव," मी म्हणाले.

"गौरा, घास उतरंना."

"साहेबाला उतरला. पाटलाला उतरला. तू तर तिचा लेक हायेस. जेव."

तो जेवला. डोळ्यांतलं पाणी भज्जीत पडत होतं, ते न पुसता एकेक घास गिळत राहिला. परळ रिकामा झाला तसा मी परत उंडा घेऊन वाकले. त्यानं परळावर दोन्ही हात आडवे धरले. मी ते बाजूला सारले आणि वाढलं.